खंड्या दुसऱ्या कुत्र्यांच्या अंगावर जातो, काय करू?

पडवीतला_पाहुणा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. प्रश्न कुत्र्याचा आहे, आणि थोडासा शेजाऱ्याचाही.

आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी ठाण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन कोकणात आचऱ्याजवळच्या आमच्या मूळ घरी राहायला आलो. सोबत खंड्या. लॅब आणि गावठीचं मिश्रण, नर, वय ४, वजन २९ किलो, नसबंदी केलेली नाही. माणसांशी अगदी लोणी. पोस्टमनपासून नारळ पाडायला येणाऱ्या गड्यापर्यंत सगळ्यांच्या पायात लोळतो. दुसरं कुत्रं दिसलं की मात्र याच्या अंगात येतं.

ठाण्यातही होतं थोडंफार, पण तिथे सगळीच कुत्री पट्ट्याला. इथे आमचा एकटाच बांधलेला, बाकीचं गाव मोकळं. पाणंदीतून निघालो की गडग्यावरून कोणी ना कोणी उडी टाकून खाली येतंच. मग हा हिसडे देतो, दोन पायांवर उभा राहतो, तोंडाला फेस. माझं वय ५८, उजवा खांदा आधीच दुखरा.

लिहायचं कारण गेल्या मंगळवारचं. पाऊस उघडला म्हणून संध्याकाळी बाहेर काढला. वळणावर शेजारच्या आबांचा वाघ्या समोर आला, अगदी चार हातांवर. वाघ्या बिचारा म्हातारा, दहा-अकरा वर्षांचा. माझ्या हातून पट्टा सुटला आणि खंड्याने त्याला खाली घेतलं. मी मध्ये हात घातला (माहीत आहे, शिव्या नंतर द्या). वाघ्याचा कान फाटला, मानेत दोन दात गेले. माझ्या मनगटात चार. कोणाचे ते देव जाणे. माझी इंजेक्शनं सुरू आहेत.

आबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. रोज सकाळी गडग्यावरून हाक मारणारा माणूस आता मान खाली घालून गुरं घेऊन जातो. वाघ्याच्या औषधाचे पैसे द्यायला गेलो तर हातात घेतले नाहीत. "थंय ठेव" म्हणाले.

त्यात गणपतीला मुंबईहून धाकटा भाऊ येतोय, त्याच्या बीगलसकट. म्हणजे अकरा दिवस एका घरात दोन नर. बायको म्हणते याला तेवढे दिवस कुठेतरी ठेवू. कुठे, ते सांगत नाही.

हे सुधारतं का? की जन्मभर असंच दोरी ओढत बसायचं?

फणसाची_भाजी

आधी हाताकडे बघा. सगळे डोस पुरे करा, मध्येच बरं वाटलं म्हणून सोडू नका. आमच्या काकांनी तिसऱ्यानंतर टाळाटाळ केली तेव्हा काकूने त्यांना रिक्षात कोंबून नेलं होतं. बाकी कुत्र्यातलं मला कळत नाही, मी मांजरवाली. पण धागा वाचतेय.

शिस्तप्रिय

साहेब, स्पष्ट बोलतो. तुम्ही त्याला डोक्यावर बसवलाय. कुत्रा म्हणजे लांडग्याची अवलाद, कळपात म्होरक्या एकच. तो तुम्ही व्हा. उताणा पाडायचा, मान दाबून धरायची, नजर खाली जाईपर्यंत सोडायचा नाही. आणि काटेरी पट्टा घ्या. माझा रॉटवायलर दोन आठवड्यांत सरळ केला मी.

खळ्यातलो_म्हातारो

अरे बाबा, तेका सोड. आमच्या वाडीत आठ कुत्रे, एकाक दोरी नाय. भांडतत, केकाटतत, मगे एकाच खळ्यात झोपतत. तू तेका बांधून ठेवतंस म्हणान तो पिसाळता. आणि हो तर आषाढ हा, भादव्यात काय करशीत?

सुरंगी

शिस्तप्रिय, हात जोडते, हे कोणाला सांगत जाऊ नका. त्या म्होरक्याच्या गोष्टीला कधीच उतरती कळा लागली आहे. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या लिखाणामुळे ती गाजली, त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेची मारामारी नव्हे. आणि कुत्रा काही तुम्हाला लांडगा समजत नाही.

काटेरी पट्ट्याने काय होतं सांगू? समोर कुत्रं दिसलं की मानेत खुपतं. चार वेळा खुपलं की कुत्र्याचा हिशेब पक्का: ती जात दिसली की आपल्याला दुखतं. वरून गप्प होतो, आतून जास्त चिडतो. गुरगुर म्हणजे घाटातल्या यष्टीचा हॉर्न. तो काढून टाकलात तर यष्टी थांबत नाही, वळणावर कळत नाही एवढंच.

पाहुणे, माझी काजू अशीच होती. गुहागरच्या यष्टी स्टँडवरून उचललेली गावठी. सविस्तर लिहिते, पण आज रात्री. आत्ता भात लावणीची माणसं जेवायला यायचीत.

शिस्तप्रिय

सुरंगीताई, पुस्तकं वेगळी आणि २९ किलोचं जनावर हातात असणं वेगळं. तुमची गावठी असेल १५ किलोची.

सुरंगी

१४. आणि तिने एका डॉबरमनला पळवलाय.

गोठ्यातला_डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे. गुरांचाच जास्त, पण कोकणात गुरांचा डॉक्टर म्हणजे कुत्र्यांचा, मांजरांचा आणि कधी कधी माणसांचाही.

आधी चावल्याचं. वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. मग सरळ दवाखाना. लस दंडाच्या स्नायूत देत असतील तर दिवस ०, ३, ७, १४, २८. कातडीत देत असतील तर ०, ३, ७, २८. खोल जखमेत सीरमही भरावं लागतं. घरचा कुत्रा, लस दिलेला कुत्रा, म्हणून टाळायचं नाही, निर्णय डॉक्टरांना घेऊ दे. खंड्या आणि वाघ्या दोघांनाही रेबीजचा डोस परत द्या.

वाघ्याच्या मानेकडे रोज बघायला सांगा. कुत्र्याच्या दाताची जखम वरून हरभऱ्याएवढी दिसते, आत कातडी मांसापासून सुटलेली असते. त्यात हा पाऊस. दोन दिवसांत किडे पडतात. केस कापून, जखम उघडी ठेवून धुवायची. आणि घरातली दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. दरवर्षी पावसाळ्यात अशी एक-दोन कुत्री माझ्याकडे येतात.

म्हाताऱ्यानू, तुमचं अर्धं बरोबर. बांधल्याने चिडतो हे खरं. पण तुमच्या वाडीतली आठ कुत्री एकाच पावसात वाढलेली, कोणाची हद्द कुठे आणि कोण कोणापुढे शेपूट घालणार हे ठरून गेलंय. खंड्या परका. पट्टा सोडलात तर 'आपापसात मिटवतील' म्हणजे एकतर वाघ्या मरेल नाहीतर सात जण मिळून खंड्याला फाडतील.

भादव्याचं मात्र शंभर टक्के. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांचा माजाचा मोसम पावसाच्या शेवटी सुरू होतो. एक कुत्री माजावर आली की दोन-तीन आठवडे पाच-सात नर तिच्या मागे, आणि नेमके तेव्हाच गणपती. चाकरमानी आपला नर घेऊन त्या मारामारीत उतरतात आणि वर म्हणतात गावची कुत्री चावरी झालीत.

आता प्रश्न. पिल्लू किती दिवसांचं असताना आणलं? आणि कानाला हात लावू देतो का?

पडवीतला_पाहुणा

डॉक्टर, ४० दिवसांचा होता. दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये आणला. पहिले सहा महिने आमच्या दोघांशिवाय आणि पार्सलवाल्याशिवाय कोणी पाहिलंच नाही त्याने.

कान: पावसाला सुरुवात झाल्यापासून डोकं झटकतो. उजव्या कानाला हात लावला की ओठ वर करतो. आम्हाला वाटलं नखरे. आता लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय.

गोठ्यातला_डॉक्टर

उद्याच दाखवा. लोंबत्या कानाच्या कुत्र्याला कोकणातल्या पावसात कान पिकणं नवीन नाही. ज्याला आठ दिवस कानात ठणका आहे तो तुमच्या-माझ्यासारखाच वागणार. त्याने सगळं सुटेल असं म्हणत नाही. चार वर्षांचं वागणं कानात नसतं.

पिल्लाला जगाची ओळख होते ती साधारण ३ ते १४ आठवड्यांत. तेव्हा त्याला कुत्री भेटलीच नाहीत, त्यामुळे त्याला कुत्र्यांची भाषा नीट येत नाही. समोरचा मान वळवून, जमीन हुंगून 'भांडण नको' म्हणतो, याला ते वाचता येत नाही.

नसबंदी करा असं माझं मत, पण ती जादू नाही. भटकणं, जागोजागी मुतणं, कुत्रीवरून होणारी नरा-नरांतली मारामारी कमी होते. भीतीपोटी अंगावर जाणारा कुत्रा तेवढ्याने बदलत नाही. आधी कान.

नस्त्या_उठाठेवी

कायद्याचंही बघून ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, आपल्या ताब्यातल्या जनावरामुळे माणसाला धोका होणार नाही याची काळजी घेतली नाही तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मोकाट कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. ग्रामपंचायतीत अर्ज टाका.

खळ्यातलो_म्हातारो

टाक अर्ज. मी स्ट्रीटलायटीचो टाकलेलंय, झील तेव्हा शाळेत होतो. आता तेचो झील शाळेत जाता.

सुरंगी

बसले लिहायला. लांबणार आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, खंड्या वाईट आहे ही. माणसांशी लोणी आणि कुत्र्यांशी राक्षस असा कुत्रा बहुतेक वेळा घाबरलेला असतो. पट्ट्याला बांधलेला, पळता येत नाही, समोरून सुटं कुत्रं अंगावर येतंय. मग तो ठरवतो, आपणच आधी ओरडावं. आणि दर वेळी काय होतं? तो ओरडतो, तुम्ही त्याला ओढत घरी नेता, कुत्रं दिसेनासं होतं. त्याच्या लेखी युक्ती फळली.

म्हणून सगळा खेळ अंतराचा. काजूला दुसरं कुत्रं किती लांब असताना ती अजून शुद्धीत असते, हे मी माडांत मोजलं. सासऱ्यांच्या आगरात माड पंचवीस-पंचवीस फुटांवर आहेत. सहा माडांवर कुत्रं असेल तर ती बघायची, पण हाक मारली की वळायची. पाच माडांवर वळायची नाही. मग आमचं काम सात माडांवर सुरू झालं.

काम म्हणजे एवढंच. कुत्रं दिसलं की लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, शेंगदाण्याएवढा. ते दिसतंय तोवर एकामागून एक. ते झाडाआड गेलं की कोंबडी बंद, खिशात हात. क्रम चुकवू नका. आधी कुत्रं, मग कोंबडी. तुम्ही आधी पुडी उघडलीत तर पुडीचा आवाज म्हणजे संकट असं शिकतो, काजूने दोन आठवडे तेच शिकलं होतं माझ्या मूर्खपणामुळे. आणि ही कोंबडी जेवणात द्यायची नाही, एरवी द्यायची नाही. फक्त कुत्र्यांच्या खात्यावर. कधी बांगडा उकडून, काटे काढून. सुकट नको, मिठाची असते.

असं करत एक दिवस ती कुत्रं बघून स्वतःहून माझ्याकडे वळली. 'दिसलं बरं का, दे' अशा तोंडाने. त्याला साडेतीन महिने लागले.

आता बघायचं काय. भुंकायला लागल्यावर उशीर झालेला असतो. काजू चालताना तोंड उघडं असतं, जीभ बाहेर, चाल लोंबती. कुत्रं दिसलं की पहिल्यांदा तोंड मिटतं. जीभ आत, ओठ घट्ट. मग कान पुढे, मग वजन पुढच्या पायांवर, मग पाठीवरचे केस. तोंड मिटलं त्या क्षणी मी 'चल घरी' म्हणून वळते. ओढत नाही, खुशीत वळते, आणि चार तुकडे गवतात फेकून 'शोध' म्हणते. नाक खाली गेलं की डोकं थंड होतं. वळण्याचा सराव घरच्या खळ्यात करा, कुत्रं नसताना, पन्नास वेळा.

पट्टा गळ्यातला नको, छातीचा घ्या, पुढे कडी असलेला. दोरी दोन मीटरची साधी. बटण दाबून लांब होणारी घेऊ नका, वळणावर तिचा काही उपयोग नाही. आणि हात सैल. तुमच्या हाताला घाम फुटला की तो दोरीतून त्याला कळतो.

एकदा उसळला की दोन-तीन दिवस त्याला फिरायला नेऊच नका. आगरातच वास हुंगवा. माझ्या अनुभवात त्या दिवसांत माणसांची साधी हाकसुद्धा तिला सहन व्हायची नाही.

मुसकं शिकवा. बैलाला घालतो तसंच, पण जाळीचं, ज्यात जीभ काढून धापता येतं आणि पाणी पिता येतं. कापडी, तोंड बांधून टाकणारं मिळतं ते आपल्या उकाड्यात जीव घेईल. पहिल्या दिवशी घालायचं नाही. आत दही चोपडून समोर धरायचं, त्याला स्वतः तोंड घालू द्यायचं.

आणि शेवटचं विचारते. तुमच्या फाटकावर कोणी कुत्र्यांना खायला घालतं का?

पडवीतला_पाहुणा

घालतं. बायको. मासे साफ केले की डोकी आणि आतडी फाटकाबाहेरच्या दगडावर. एक गाभण कुत्री यायची, तिच्यासाठी सुरू झालं. आता पाच येतात. हा आत फाटकाशी उभा राहून रोज सकाळी अर्धा तास नाचतो. सुरंगीताई, तुम्हाला कसं कळलं?

सुरंगी

कारण मीही घालायचे. म्हणजे तो रोज सकाळी अर्धा तास भांडणाची शिकवणी घेतोय. खायला घाला, पुण्यच आहे, पण दोनशे पावलांवर, रस्त्याच्या पलीकडे. आणि गडग्यावर झापांचं कूड उभं करा, त्याला बाहेरचं दिसता कामा नये.

पडवीतला_पाहुणा

बायकोने हे वाचलं. म्हणाली, "मग आता सगळा दोष माझा." मी धागा बंद करून भांडी घासायला गेलो.

शिस्तप्रिय

पटलं नाही, पण वाद नको. एक कामाचं सांगतो. मारामारी लागली तर हात मध्ये घालू नका. पावसाळ्यात छत्री असतेच हातात, ती दोघांच्या मध्ये फाडकन उघडा. नाहीतर गोणपाट डोक्यावर टाका, बादलीभर पाणी ओता. सगळं फसलं आणि दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकाचे मागचे पाय मांडीपाशी धरून हातगाडीसारखं मागे खेचत जायचं, थांबायचं नाही, वळून चावू द्यायचं नाही. एकट्याने हे करू नका, दुसरा येऊन मोकळा चावतो. काठीने मारलंत तर दोघंही अजून घट्ट धरतात.

गोठ्यातला_डॉक्टर

शिस्तप्रिय, छत्रीला माझं अनुमोदन. मी स्वतः वापरली आहे, दवाखान्याच्या पायरीवर.

परतीचं_तिकीट

चाकरमान्यांवर टोमणा वाचला हो डॉक्टर. आम्ही काय कुत्रा मुंबईला शेजाऱ्याच्या गळ्यात घालून यायचं? पाहुणेसाहेब, भावाला सांगा, दोघांची पहिली भेट घरात नको. घर खंड्याचं आहे. बाहेर, लांब, दोघं पट्ट्याला, एकाच दिशेने चालायचं. तोंडासमोर तोंड आणायचं नाही. आम्ही बहिणीच्या कुत्रीबरोबर असंच केलं, पहिल्या दिवशी तासभर नुसतं चाललो. घरात जेवणाच्या वाट्या वेगळ्या खोलीत, हाडं-खेळणी उचलून ठेवायची.

पडवीतला_पाहुणा

किनाऱ्यावर नेऊ का? तिथे जागा भरपूर.

कासवमित्र

न्या, पण दोरीला. आता कासवांची घरटी नाहीत, पण सवय लागते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात आणि आपल्या किनाऱ्यांवर त्यांचा मोठा शत्रू कुत्राच. वेळासला २००२ पासून अंडी कुंपणात हलवून ठेवतात त्याचं एक कारण हेच. आणि रापण ओढायची वेळ टाळा. जाळं किनाऱ्याला लागलं की गावातली सगळी कुत्री तिथे जमतात, एकेका बोयासाठी रक्त काढतात.

खळ्यातलो_म्हातारो

किनाऱ्यार न्हे, जंगलात न्हे, पण रात्री घरात घे. माझो काळो कुत्रो गेल्या साली बिबट्या वाघान न्हेलो, मांगराच्या दारातसून. साखळी रवली, कुत्रो गेलो.

(तीन आठवड्यांचा खंड)

पडवीतला_पाहुणा

तीन आठवड्यांचा हिशेब देतो.

कान खरंच पिकला होता, आत काळी घाण आणि बुरशी. दहा दिवस औषध टाकलं. डोकं झटकणं थांबलं. घरात मऊ झालाय, बाहेर जवळपास तसाच. नसबंदी दिवाळीनंतर करायची ठरली.

मासळीची डोकी आता शाळेच्या वळणावर जातात, डबा घेऊन. बायकोच जाते. मी 'मी नेतो' म्हणालो तर म्हणाली, "तुमच्या हातून त्यांना चालायचं नाही." कूड घातलं. पहिले दोन दिवस हा कुडाच्या फटीला डोळा लावून बसला, मग सोडून दिलं.

आमचं अंतर नऊ माडांचं निघालं. सुरंगीताई, तुम्ही तोंडाचं सांगितलंत ते मला चार वर्षांत दिसलं नव्हतं. काल पहिल्यांदा नीट पाहिलं. आबांच्या शेताच्या बांधावर वाघ्या बसला होता, कानाला निळं औषध फासलेला. आम्ही वरच्या रस्त्यावर. खंड्याची जीभ लोंबत होती, ती एकदम आत गेली. ओठ मिटले. शेपूट मध्यावर थांबली, जणू कोणी खाली दाबून धरली. मी कोंबडी काढली. त्याने घेतली, न बघता, चावली नाही, गिळली. दुसरी घेतली. तिसऱ्या तुकड्याला माझ्या हाताला नाक लावलं आणि त्याचा श्वास सुटलेला मला तळहातावर लागला. मग 'चल घरी'. वळला.

लावणीवाल्या बायका हे सगळं बघत होत्या. एक म्हणाली, "कुत्र्याक कोंबडी आणि घोवाक पिठी."

दुसऱ्या दिवशी लगेच फजिती. पाणंदीत कोणाचं तरी पांढरं कुत्रं गडग्यावरून सरळ पुढ्यात. छत्री उघडली. ते पळालं, खंड्याने छत्री फाडली. नवीन छत्री ३५० रुपये.

सुरंगी

छत्री फाडली म्हणजे कुत्रं वाचलं. नऊ माड लिहून ठेवा, तारखेसकट. दीड महिन्याने आठ झाले तरी पेढे वाटा. आणि गणपतीपर्यंत सगळं नीट होईल ही आशा सोडा, तेवढ्यात होत नाही. गणपतीसाठी फक्त भिंती, दारं आणि मुसकं.

गोठ्यातला_डॉक्टर

आणि पंचखाद्य. मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात. बीगल म्हणजे नाक लावून फिरणारा दरोडेखोर, नैवेद्याचं ताट उंच ठेवा.

पडवीतला_पाहुणा

गणपती झाले. गौरी गेल्या, भाऊही गेला. जमेल तेवढं लिहितो.

पहिली भेट किनाऱ्यावर, सकाळी साडेसहाला, दोघांमध्ये पन्नास पावलं, एकाच दिशेने. भाऊ पुढे, आम्ही मागे. बीगलचं लक्ष खेकड्यांच्या बिळांत, त्यामुळे खंड्यालाही फारसं काही मिळालं नाही बघायला. परत येताना पंधरा पावलांवर आलो. घरात मात्र दोघांना एकदाही एकत्र सोडलं नाही. माजघराचं दार बंद, एक आत तर दुसरा पडवीत, पाळी लावून. घरातली पोरं 'आता कोणाची शिफ्ट' असं ओरडत फिरायची.

पाचव्या दिवशी गडबड झालीच. आरतीच्या गर्दीत कोणीतरी माजघराचं दार उघडं टाकलं. खाली पडलेल्या मोदकावर दोघंही. खंड्याला मुसकं होतं म्हणून नुसते धक्के आणि आरडाओरडा, रक्त नाही. बीगल टेबलाखाली. मला आरती अर्धवट सोडावी लागली, भावजय अजून रागावलेली आहे. दार उघडं टाकणारा मीच होतो, हे इथेच लिहितो, घरी बोललेलो नाही.

भजनाच्या रात्री आबा आले. दरवर्षी येतात, पण यंदा मला खात्री नव्हती. मागून वाघ्या, नेहमीसारखा. मी धावत जाऊन खंड्याला आतल्या खोलीत घातला. घाईत मुसकं तसंच राहिलं. खिडकीच्या गजांतून तो बघत होता, तोंड मिटलेलं. मी खिडकीशी उभा राहून एकेक तुकडा देत होतो, बाहेर मृदंग चालू. वाघ्या पायरीवर अंग टाकून झोपला, त्याला काही पडलेली नव्हती. फाटलेला कान असा उलटा पडलेला.

आबा पाणी प्यायला आत आले, खिडकीशी थांबले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मुसक्यात बैलासारखो दिसता रे."

मी म्हणालो, "नांगराक जुपतंय उद्या."

हसले नाहीत. पण चहा घेऊन गेले.

खळ्यातलो_म्हातारो

म्हणजे झाला. आबा चाय पितत तर बाकीचा आपसूक होतला.

पडवीतला_पाहुणा

अंतर सध्या साडेसात माड. भादवा संपेपर्यंत फिरणं पहाटे साडेपाचला, तेव्हा जेटीवर लिलाव असतो आणि कुत्री तिकडे असतात.

फणसाची_भाजी

मांजरवाली परत आली. आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्यासाठी ते मुसकं घ्यायचंय, त्यांना धागा दाखवला. माप कसं घ्यायचं? तोंड मिटलेलं असताना?

पडवीतला_पाहुणा

नाही, मीही तीच चूक केली होती, पहिलं परत करावं लागलं. कुत्रा धापत असताना, तोंड उघडं असताना, डोळ्यांच्या जरा खाली नाकाचा घेर मोजा. शिवणाच्या टेपने. आणि लांबी नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या खालपर्यंत, वर एक बोट जास्त. खंड्याला टेप दाखवलं तर तो खाण्याची वस्तू समजून चाटतो, त्यामुळे दोन माणसं लागतील.